दोन नोंदींपुढची मोकळी जागा

वारसा कार्यालयाच्या बाई दहाला येणार होत्या, आणि आत्या सातपासूनच घरभर खिडक्या लावत फिरत होत्या.

सूनबाईनं एक खिडकी उघडावी, की पाचेक मिनिटांत आत्यांनी यावं, झडपा ओढून घ्याव्या, कडी घालावी, हलवून बघावी, दोन पावलं जावं आणि परत फिरून पुन्हा एकदा हलवून बघावी. दोनदा. कायम दोनदा. त्या माहेरी येऊन दोन दिवस झाले होते आणि दोन दिवसांत घर नुसतं कोंदून गेलं होतं.

“ताई, अहो जीव गुदमरला माझा,” काकू पदरानं वारा घेत म्हणाल्या. “त्या बाईंनी येऊन घर बघायचंय की अंधार?”

“त्या आल्या की उघडते ना.”

“उघडाल तुम्ही! बाई उजव्या खिडकीपाशी पोचेपर्यंत डावी लावून मोकळ्या व्हाल.”

आत्या हसल्या. काकूंचं बोलणं त्या असंच हसून सोडून देत. जाता जाता त्यांनी सूनबाईच्या कडेवरच्या लेकीच्या, ठकीच्या, पायाच्या अंगठ्याला बोट लावलं आणि लगेच हात मागे घेतला. दोन दिवसांत त्यांनी पोरीला शिवलं ते एवढंच. ‘घ्या की आत्या जरा’ असं म्हणायला सूनबाईची जीभ उचलत नव्हती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात काकूंनी तिच्या कानावर घातलं होतं. आत्या तेव्हा सहा वर्षांच्या. पाठच्या दीड वर्षाच्या बाळाला त्यांच्यावर सोपवून त्यांची आई खाली गेली. वरच्या खोलीत. खिडकीची कडी लावायची राहिली आणि बाळ – पुढचं काकूंनी हातानंच दाखवलं होतं, वरून खाली. “या घरात कुणी बोलत नाही त्यावर. तूही बोलू नकोस. पण लक्ष असू दे.”

लक्ष असू दे. ठकी झाल्यापासून ते तीन शब्द सूनबाईच्या डोक्यात ठाण मांडून बसले होते. खरं तर तिला लक्ष ठेवायला सांगायची गरजच नव्हती. ठकी रांगायला लागली त्या आठवड्यात तिनं कापडी टेप घेऊन या घरातली प्रत्येक कडी, प्रत्येक खिळा, प्रत्येक कट्टा मापून काढला होता आणि आकडे एका वहीत लिहिले होते. नवरा पोट धरून हसला होता. “नकाशेवाल्यांच्या घरात बरी शोभतेस!” तो म्हणाला होता.

नकाशेवाल्यांचं घर. सगळं गाव या घराला याच नावानं ओळखायचं, कारण गावाचा पहिला पूर्ण नकाशा वरच्या खोलीत काढला गेला होता. काढला तो आबांनी, म्हणजे सूनबाईचे सासरे अण्णा, आत्या आणि काका यांच्या वडिलांनी. पंचवीस वर्षांपूर्वी घर वारसा यादीत गेलं तेव्हा त्याची माहितीही आबांनीच लिहून दिली होती. आता यादी नव्यानं छापायची होती. काही चुकलं असेल तर कळवा, पाहणी करून दुरुस्त करू, असं पत्र आलं आणि त्या पत्रावरून महिनाभर घरात धुसफूस चालली होती.

काकांना नोंद क्रमांक सात बदलून हवी होती. वरच्या खोलीची उत्तरेकडची खिडकी बांधकामापासूनच बंद आहे, केवळ शोभेसाठी आहे, असं तिथं म्हटलेलं. नोंद तशी असेतो त्या भिंतीची एक वीट हलवता येत नव्हती. काकांना ती खिडकी उघडून खोलीत आबांचे नकाशे मांडायचे होते. लोकांनी येऊन बघावेत असे. अण्णांना नोंदीचा काना-मात्राही बदलायला नको होता. “वडिलांच्या हातचं लिहिलेलं आहे ते,” एवढंच ते म्हणत. आणि आत्या अण्णांच्या बाजूच्या. “असू दे ना बंद,” त्या फोनवर म्हणाल्या होत्या. “बंद आहे तीच बरी आहे.” तरीही पाहणीसाठी त्या न बोलावता आल्या होत्या. का आल्या ते कुणी विचारलं नव्हतं.

बाई आल्या त्या दहाला पाच कमी असताना. चाळिशीच्या, पायात साधे बूट, खांद्याला लांबट पिशवी. चहा नको म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि थेट वर निघाल्या. मागोमाग सगळी वरात जिन्यानं वर गेली.

वरच्या खोलीत आबांचं मेज होतं. सूनबाईला ते मेज कधी मेज वाटलंच नाही, घाटावर उलटी घालून ठेवलेली नाव वाटायची. सहा माणसं तीन बाजूंनी बसली तरी मधे नकाशा पसरता यावा एवढं. पश्चिमेच्या खिडकीतून उजेड येत होता. उत्तरेची भिंत सपाट होती, फक्त मधोमध गिलाव्याचा एक चौकोन बाकीच्यापेक्षा किंचित फिकट. बाहेरून बघितलं तर तिथं दगडी चौकट होती, कट्टा होता, आणि चौकटीत विटा.

“ही मी कार्यालयातून मूळ प्रत आणलीय,” बाईंनी पिशवीतून जाड कागद काढून मेजावर पसरला. “तुमच्या वडिलांच्या अक्षरातली. छापलेल्या यादीत हे आलेलंच नाही, पण प्रत्येक नोंदीपुढे एक बारीक अक्षर आहे. कुठे ‘पा’, कुठे ‘ऐ’. आमच्यात कुणाला उलगडलं नाही.”

“पाहिलेलं आणि ऐकलेलं,” आत्या पटकन म्हणाल्या. बोलताना त्यांचा आवाजच बदलला, मोकळा झाला. “आबांची पद्धत. मोजणीला जायचे ना, तेव्हा विहीर स्वतःच्या डोळ्यांनी बघितली असेल तर ‘पा’. आणि कुणी सांगितलं की बाबा, टेकडीपलीकडे विहीर आहे, तर ‘ऐ’. ऐकलेल्याला नकाशात पक्की रेघ मिळायची नाही. ठिपक्यांची. आम्हालाही तेच. मी शाळेतून येऊन म्हटलं, अमकी तमकीला मारते, की आबा विचारायचे, पा की ऐ?”

“मला तर बायको बघायला गेलो तेव्हासुद्धा विचारलं होतं,” काका म्हणाले. “मुलीला स्वयंपाक येतो म्हणालो, तर म्हणे, पा की ऐ?”

“ऐ होतं ते,” काकू म्हणाल्या. बाईसुद्धा हसल्या.

अण्णा हसले नाहीत. ते दाराशी खुर्ची ओढून बसले होते, दोन्ही हात काठीवर.

बाई नोंदी वाचत गेल्या. पाया, पा. घर बांधणाऱ्या गवंड्याचं मूळ गाव, ऐ. जिन्याच्या पायऱ्या एकोणीस, पा. “एकोणीस नाहीत, अठरा आहेत,” सूनबाई म्हणून गेली आणि जीभ चावली. पण बाई उठून मोजून आल्या. अठराच होत्या. तळातली पायरी फरशी उंच केली तेव्हा गाडली गेली होती, काकांना आठवलं. बाईंनी तसं लिहून घेतलं. ठकी एव्हाना खाली उतरून मेजाखाली शिरली होती आणि खालून लाकडावर थापा मारत होती.

“आता गंमत बघा,” बाई म्हणाल्या. “सव्वीस नोंदी आहेत. चोवीस नोंदींपुढे अक्षर आहे. दोन नोंदींपुढे जागा मोकळी. सात आणि अकरा. सात म्हणजे ही खिडकी. आणि अकरा म्हणजे हे मेज. ‘मोठे मेज खोलीतच घडवलेले असून दारातून बाहेर जात नाही.’ या दोन्हींपुढे त्यांनी पा का नाही लिहिलं? किंवा ऐ?”

“राहिलं असेल,” अण्णा म्हणाले.

“आबांचं?” आत्यांनी मागे वळून बघितलं. “आबांचं राहायचं नाही, अण्णा.”

“म्हातारपणी राहतं.”

“हे बघा बाई, खिडकीचं मी सांगतो,” काकांनी घसा खाकरला. “खिडकी खरी होती. माझ्या जन्माआधी घरात एक… एक वाईट घटना झाली. त्यानंतर ती बुजवली. आबांना बाहेरच्या माणसापुढे ते उगाळायचं नव्हतं, म्हणून त्यांनी शोभेची आहे असं लिहिलं. आता इतकी वर्षं झाली. खरं ते खरं.”

आत्या पश्चिमेच्या खिडकीशी गेल्या होत्या. त्यांचा हात कडीवर होता.

“खरी होती हे मला खालून येतानाच कळलं,” बाई हळूच म्हणाल्या. “बाहेरच्या कट्ट्याच्या दगडात गजांची भोकं आहेत. शोभेच्या खिडकीला गज कशाला लागतात? सहा भोकं. पण त्यातली मधली दोन निराळी आहेत. कडेची चार नुसती बुजवलीत. मधली दोन छिन्नीनं रुंद करून, गज उपसून काढून मग बुजवलीत. म्हणजे खिडकी बंद करायच्या आधी कुणीतरी मधले दोन गज मुद्दाम काढले होते. का, ते मला समजत नाहीये.”

मेजाखाली ठकी थापा मारायची थांबली. ती शांतता सूनबाईला सोसेना. ती गुडघ्यांवर बसून मेजाखाली वाकली. पोर धड होती. वर मान करून लाकडावरचं काहीतरी बोटानं गिरवत होती. काळं, गोल, तापवलेल्या लोखंडानं डागलेलं.

“इथं शिक्का आहे,” सूनबाई म्हणाली. “कारखान्याचा.”

“कसला कारखाना? हे तर इथंच घडवलंय,” काका म्हणाले.

बाईंनी विजेरी दिली. सूनबाईनं अक्षर लावून वाचलं. सुतारकामाच्या कारखान्याचं नाव, दुसऱ्याच एका शहराचं. त्याखाली महिना आणि साल. तिनं ते मोठ्यानं वाचलं, आणि वाचून होईपर्यंत तिला कळलं नाही की आपण काय वाचतोय.

कडी हलल्याचा आवाज झाला. आत्यांचा हात तिथून निसटला होता.

“पुन्हा वाच,” आत्या म्हणाल्या.

तिनं पुन्हा वाचलं.

“त्याच्या पुढच्याच महिन्यात बाळ गेलं,” आत्या म्हणाल्या. मग त्या मेजाकडे, फिकट चौकोनाकडे आणि दाराकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती, कुठली तार कुठं जोडायची हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. “दारातून जात नाही. मग आलं कुठून?”

अण्णांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरून पडली, ती त्यांनी उचलली नाही.

“अण्णा, तू दहा वर्षांचा होतास.”

“हो.”

“मेज आलं तेव्हा होतास?”

“दोर धरायला होतो.” अण्णा जमिनीकडे बघून बोलत होते. “आठ माणसं होती. जिन्यात अडकलं म्हणून मग खिडकीतून घ्यायचं ठरलं. मधले दोन गज काढले. आबा म्हणाले, गवंडी सोमवारी येईल, परत बसवेल. सोमवारी नाही आला. मग गावाच्या नकाशाची घाई सुरू झाली. आबा म्हणाले, खोलीत गवंडी नको, धूळ उडेल, कागद खराब होईल. नकाशा होऊ दे, मग बघू.”

“आणि तोवर?”

“तोवर सुतळी बांधली. गजांच्या जागी, आडवी. तीन पदर.” त्यांनी आपले हात उलटे करून बघितले. “मीच बांधली. आबांनी सांगितलं, चांगली घट्ट बांध. गाठ माझी होती, ताई.”

अण्णा आत्यांपेक्षा चार वर्षांनी मोठे. त्यांनी धाकट्या बहिणीला ताई म्हटलेलं सूनबाईनं आज पहिल्यांदा ऐकलं.

“झडपा?” आत्यांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “झडपा कुणी उघडल्या?”

“आबाच उघडायचे. रोज सकाळी. नकाशा काढायला उत्तरेचा उजेड लागायचा त्यांना. त्या दिवशीही त्यांनीच उघडल्या. मग खाली कुणीतरी भेटायला आलं, ते उतरले. मी त्यांच्या मागे मागे गेलो. जिन्यात आई भेटली. ती बाळाला आणि तुला घेऊन वर चालली होती.”

“पण आबा मला म्हणाले –”

“काय म्हणाले ते मी ऐकलंय. मी तिथंच होतो. ‘कडी लावली नव्हतीस का?’ म्हणाले. त्यांनी विचारलं होतं, ताई. तेवढंच. भांबावून विचारलं. तू काहीच बोलली नाहीस. आणि आईनं ते ऐकलं. मग शेजारच्यांनी ऐकलं. त्या प्रश्नाचंच पुढे उत्तर होऊन बसलं, आणि आबांनी ते… नाही म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. मला वाटायचं, खरं सांगितलं तर विचारतील, गाठ कुणी बांधली.”

काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. काका एकदम पुढे झाले.

“बास. बास आता.” ते बाईंकडे वळले. “हे सगळं लिहायची गरज नाही. खिडकी खरी होती, पुढे बंद केली, एवढंच लिहा. नाहीतर राहू दे, आहे तेच राहू दे. मला नाही उघडायची खिडकी.”

“महिनाभर तर तूच पाठ घेतली होतीस,” आत्या म्हणाल्या.

“मला काय माहीत होतं आत काय आहे ते? ताई, आबा आहेत ते. या घरावर त्यांच्या नावाची पाटी आहे. हे असं कागदावर गेलं तर –”

“माझं नाव गेलं होतंच की. कागदावर नव्हतं एवढंच.”

काका अण्णांशेजारी जाऊन उभे राहिले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. महिनाभर एकमेकांशी धड न बोललेले दोघे भाऊ एका बाजूला झाले आणि आत्या त्या अजस्र मेजापलीकडे एकट्या उरल्या. सूनबाई ठकीला कडेवर घेऊन मधे उभी होती. आपण कुठल्या बाजूला आहोत हे कुणी विचारणार नव्हतं. सुनांना विचारत नाहीत.

“नाही, तरीसुद्धा,” आत्याच म्हणाल्या, स्वतःशी बोलल्यासारख्या. “तरी मी होते ना खोलीत. आबांनी उघडली असेल. मी लावायला हवी होती. सहा वर्षांची म्हणजे काही तान्ही नव्हते. उघडी दिसल्यावर लावायला हवी होती.”

आणि तेव्हा सूनबाईला तिची वही आठवली. आकडाच आठवला, पानासकट.

“आत्या, ती खिडकी आणि ही खिडकी एकसारखीच होती?” तिनं विचारलं.

“जोडीची,” अण्णा म्हणाले. “एकाच सुतारानं केलेली.”

“कडी पाच फूट दोन इंचांवर आहे.” ती म्हणाली. “मी मापलीय. ठकीसाठी. सहा वर्षांच्या मुलीचा हात पोचत नाही तिथं. टाचा उंच केल्या तरी नाही.”

खोलीत सगळ्यांनी पश्चिमेच्या खिडकीकडे बघितलं. कडी तिथं होती, वर, झडपांच्या माथ्याशी. इतकी वर्षं होती. मापं घेणाऱ्यांच्या घरात ते एक माप तिच्याआधी कुणी घेतलं नव्हतं.

“कट्ट्यावर चढून लावली असती,” आत्या म्हणाल्या. हट्टी पोर बोलतं तसं.

“झडपा बाहेर उघडतात, ताई,” अण्णा म्हणाले. “ओढून घ्यायला बाहेर वाकावं लागलं असतं. मधे गज नव्हते. तू चढली असतीस तर –” त्यांनी उत्तरेच्या भिंतीकडे बघितलं. “तर तुम्ही दोघंही गेला असतात.”

आत्यांनी खुर्ची शोधली. काकूंनी पटकन पुढे सरकवली. एरवी तोंडाची टकळी थांबायची नाही अशा काकू, पण आत्ता नुसत्याच त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“मला आठवतं ना पण,” आत्या म्हणाल्या. “कडी लोंबत होती. माझ्या डोळ्यांपुढे आहे ती लोंबणारी कडी. रोज असते.” मग त्या थांबल्या. चष्मा काढला. “की कुणी सांगितलं मला? लोंबत होती म्हणून? आई म्हणायची, कडी नुसती लोंबत होती गं. मी तर टाचण्यांशी खेळत होते. नकाशाच्या रंगीत टाचण्या. मी खिडकीकडे बघतच नव्हते. मी… मला ते… पा की ऐ?”

त्यांनी अण्णांकडे बघून विचारलं.

बाई म्हणाल्या, “आपण हे आज नाही केलं तरी चालेल. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.”

“नाही, आजच,” आत्या म्हणाल्या. “माझं वय चौसष्ट आहे. आणखी एक महिना कशाला?”

दुरुस्तीच्या कागदावर तीन रकाने होते. मूळ नोंद, सुधारित नोंद, आधार. बाईंनी रबर काढलं तेव्हा अण्णाच म्हणाले, “खोडू नका. आमच्यात खोडत नाहीत. चुकलेलं छेदायचं, तांबड्या शाईची एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे.” काकांनी खणातून आबांची तांबड्या शाईची दौत काढली. ती वाळून खडखडीत झाली होती. शेवटी काकूंच्या पिशवीतलं लाल बॉलपेन मिळालं.

बाईंनी दिलेल्या मूळ कागदाच्या छायाप्रतीवर अण्णांनी दोन रेघा मारल्या. सातव्या नोंदीवर एक, अकराव्यावर एक. रेघा सरळ आल्या नाहीत. आबांनी बघितल्या असत्या तर पुन्हा मारायला लावल्या असत्या. मग त्यांनी सुधारित नोंद लिहिली. खिडकी मूळची, तिचे मधले दोन गज मेज आत घेण्यासाठी काढले, ते परत बसवण्यापूर्वी झालेल्या अपघातात घरातील दीड वर्षांचे मूल दगावले, त्यानंतर खिडकी बंद केली. ‘झडपा’ हा शब्द लिहिण्यापूर्वी ते थांबले आणि त्यांनी धाकट्या भावाकडे बघितलं. काका खिडकीबाहेर बघत होते. अण्णांनी लिहिलं. झडपा घरमालकांनी उघडल्या होत्या.

“आधार काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला माहीत आहे काय लिहायचं ते,” बाई म्हणाल्या.

त्यांनी ‘पा.’ लिहिलं आणि खाली सही केली.

आत्यांनी कागद ओढून घेऊन सगळं वाचलं, दोनदा. “माझं नाव कुठेच नाही,” त्या म्हणाल्या.

“तुझं काय नाव घालायचं? तू काही केलंच नाहीस.”

“हो. तेच.” त्यांनी कागद परत दिला. “अठ्ठावन्न वर्षं, अण्णा. आई गेली तेव्हासुद्धा तिनं माझा हात हातात घेतला नाही रे.”

कागदाच्या रकान्यांत त्याला जागा नव्हती. अण्णा उठले, काठी उचलायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग काकांनी त्यांना धरून खाली नेलं. बाई त्यांच्यामागून निघाल्या. जाताना आत्यांना काही बोलावं असं त्यांच्या मनात आलेलं दिसलं, पण त्यांनी फक्त मान लववली. काकू म्हणाल्या, चहा टाकते, आता नाही म्हणायचं नाही कुणी.

खोलीत तिघीच उरल्या. ऊन पश्चिमेकडे यायला अजून वेळ होता. ठकी कडेवरून खाली सुटायला धडपडत होती. तिला पुन्हा मेजाखाली जायचं होतं. सूनबाईनं तिला खाली सोडलं. खिडकीकडे बघितलं. झडपा अर्ध्या उघड्या होत्या, कट्टा गुडघ्याएवढा, गज सगळे जागच्या जागी. तिनं ते मोजलेच. सहा.

“आत्या,” ती म्हणाली, “जरा हिच्याकडे बघता? मी काकूंना हात लावून येते.”

आत्यांनी दचकून वर बघितलं. “अगं, मला सवय नाही.”

“येतेच मी.”

“रडली तर?”

“तर रडेल. येतेच.”

ती निघाली. जिन्यावर तिनं पायऱ्या मोजायला सुरुवात केली, दुसरं काही सुचेना म्हणून. एक, दोन, तीन. वरून ठकीचा आवाज आला, मग आत्यांचा, बारीक, न सरावलेला, “बघू, काय आहे गं तिथं, मला दाखव.” पाच. सहा. सातव्या पायरीवर तिला झडपा ओढून घेतल्याचा आवाज ऐकू आला, मग कडी घातल्याचा. सूनबाई कठड्याला धरून थांबली. वर दोन पावलं वाजली आणि परत फिरली.

कडी पुन्हा वाजली.

तिनं डोळे पुसले आणि उरलेल्या अकरा पायऱ्या उतरून ती चहाकडे गेली.